मुंबईच्या वाळूवरून गळ : कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, काय लागतं?

मार्वे_रोड
नमस्कार मंडळी. मालाडला राहतो. बायकोचे मामा निवृत्त होऊन गावी गेले, जाताना त्यांचा बारा फुटी रॉड आणि रील मला देऊन गेले. लेक सहावीत आहे, तिला तर कधी एकदा गळ टाकतोय असं झालंय. सध्या रविवारी मढ, एरंगळ, अक्सा बाजूला चकरा चालू आहेत.

गळवाले जे जे भेटले त्यांनी एकच सल्ला दिला : वाळूवर वेळ घालवू नका, बँडस्टँडच्या नाहीतर वरळीच्या खडकावर या. खडकावर शेवाळ असतं, लाटेचा नेम नसतो, मुलीला घेऊन मी तिथे जाणार नाही. वाळूवर मासा नसता तर माणसं पाग (फेकायचं जाळं) घेऊन कंबरभर पाण्यात तासन्‌तास उभी राहिली नसती, असं माझं मत आहे.

तर जाणकारांनी सांगावं. मुंबईच्या वाळूवर वर्षभरात कधी काय लागतं? भरतीला जायचं की ओहोटीला? पावसाळ्यात अजिबात जाऊ नये का? आणि लागलेला मासा घरी आणून खावा का?

चौपाटीकर
वाचतोय. हाच प्रश्न माझाही होता.

तंगूस_आणि_बाटली
रॉड आलाय तर वापरा, पण त्यावाचून काही अडत नाही. आम्ही अजून प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळूनच जातो. शिसं गरागरा फिरवून सोडायचं, तंगूस बाटलीच्या तोंडावरून सुळकन सुटतो. मासा चावला की थेट बोटाला कळतं. रॉडच्या टोकाकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

रीलबाज
वीस-पंचवीस वावांच्या (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पुढे टाकायचं असेल तर बाटली थकते हो. बारा फुटी रॉड, ऐंशी ते शंभर ग्रॅम शिसं, आणि थोडा सराव. जुहूसारख्या उथळ किनाऱ्यावर लांब टाकता आलं तरच उपयोग.

मुडदुशी_फॅन
रीलबाज, इथे माझं तुमच्याशी पटत नाही. वाळूवरचा बराचसा मासा पहिल्या आणि दुसऱ्या लाटेच्या मधल्या चरात फिरतो, कारण लाट वाळू उकरते आणि किडे, करंदी, छोटे शिंपले वर येतात. पुष्कळ जण माशाच्या डोक्यावरून गळ पलीकडे फेकतात आणि दोन तास वाट बघतात. मार्वेभाऊ, आधी गुडघाभर पाण्याच्या जरा पुढे टाकून बघा.

पंचांगकाका
मार्वे_रोड, महिना नंतर बघू, आधी तिथी. वाळूवरच्या माशाचं निम्मं गणित पाण्याच्या वेळेत असतं आणि मुंबईत ते काढायला पंचांग पुरतं.

तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण साडेबारा तास, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. नेमकी वेळ तक्त्यात पाहावी, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पण कोणत्या रविवारी निघायचं हे घरबसल्या ठरवायला एवढं बस्स.

आता यातली मुंबईची खोड पाहा. पाण्याला खरा जोर उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. पण त्या दिवसांत सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असते. सूर्य मावळताना जुहूला गेलात तर समुद्र कुठल्या कुठे गेलेला दिसेल. उलट संध्याकाळी सहाला पाणी काठोकाठ असतं ते अष्टमी-नवमीला. पण तो भांग असतो, पाणी सुस्त, ओढ नाही. म्हणजे संधिप्रकाश, पूर्ण भरती आणि जोराचं पाणी हे तिन्ही मुंबईत एकत्र कधीच येत नाहीत.

यावर उपाय म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. या दिवसांत ओहोटी दुपारी दोन ते साडेतीनच्या सुमारास संपते, सूर्यास्ताला पाणी चढत असतं, पूर्ण भरती रात्री सव्वाआठ ते पावणेदहा. पाण्याला जोर येऊ लागलेला असतो आणि मुलीला घेऊन वेळेवर घरीही पोचता येतं.

चौपाटीकर
काका, कृष्ण पक्षात कसं मोजायचं? पौर्णिमेनंतर सोळा, सतरा धरायचं का?

पंचांगकाका
नाही. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन. वद्य द्वादशीलाही नऊच.

रीलबाज
काका, आता पंचांगवाल्यांनी विवाहमुहूर्तांच्या शेजारी गळमुहूर्तही छापायला हवेत. हाहा. पण एकादशीला मासे धरायला निघालो तर आई उंबरठा ओलांडू देणार नाही!

पंचांगकाका
म्हणून तर द्वादशीला मोकळीक ठेवली आहे.

वेसावची_लेक
काकांचं गणित आमच्या घरात आजीला तोंडपाठ होतं, डोलीच्या, म्हणजे पाण्यात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याचं सगळं कामच पाण्याच्या ओढीवर चालतं. आता महिन्यांबद्दल मी बोलते.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ पुष्कळ माशांच्या विणीचा. किनाऱ्यावरून एक गळ टाकणाऱ्याला ती बंदी लागू नाही हे मला माहीत आहे, तरी विनंती करते, त्या दिवसांत हात आखडता ठेवा. आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्री घालून ठेवलेल्या असतात, जाळी विणायला बसतो, आगोटीला, म्हणजे पावसाआधी, भरलेल्या सुक्या बोंबलांवर आणि सोड्यांवर घर चालतं. त्याच वेळी कुणी चौपाटीवर पोटात गाभोळी असलेले मासे बादलीभर काढून फोटो टाकतं, तेव्हा पोटात तुटतं.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ अर्पण केला की दर्या शांत होऊ लागतो, अशी आमची श्रद्धा. प्रत्यक्षात गणपतीपर्यंत पाणी गढूळच असतं. वाळूवरून गळ टाकणाऱ्याचं वर्ष खरं सुरू होतं ते त्यानंतर.

पावसाळी_ढग
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण पावसात मासा नसतो असं कुणी समजू नये. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी येतं तेव्हाच जिताडा हलतो. मनोरीच्या बाजूला मी भर श्रावणात चांगला जिताडा पाहिलाय.

वेसावची_लेक
मासा नसतो असं मी म्हटलंच नाही, दादा. जिताडा त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी येतो तो विणीसाठीच. आणि जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे तुम्ही पाहिलेला तो मोठा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादीच असणार. तेवढी एक सोडली तर खाडीत किती पिल्लं होतील, विचार करा.

पावसाळी_ढग
हे ठाऊक नव्हतं. पटलं. यापुढे आषाढ-श्रावणात मोठा लागला तर फोटो काढून सोडेन.

डॉ_खारपाणी
पावसाळ्यावर सुरक्षेच्या बाजूने लिहितो. पावसाळ्यात मोठ्या भरत्या दिवसाउजेडी येतात, साडेचार मीटरच्या वरच्या. पालिका दरवर्षी त्या तारखांची यादी काढते. त्या दिवशी वाळूचा पट्टा उरतच नाही, लाट भिंतीवर येते. हिवाळ्यात उलट, मोठी भरती रात्रीची. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुग्यासारखे विषारी जीव वाऱ्याने किनाऱ्याला लागतात, ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहू, अक्सा, गिरगावला पुष्कळ जणांना त्यांचा डंख झाला होता. वाळूवर मेल्यासारखे पडलेले असले तरी तंतू डसतात. मुलं फुगा म्हणून उचलायला जातात, तेवढं सांभाळा.

आणि अक्सा. तिथे दरवर्षी माणसं बुडतात. पाण्याला आत खेचणारी ओढ आहे आणि तळाची वाळू सरकते. गळ टाकायला पाण्यात शिरायची गरजच नाही. घोट्यापर्यंत पुरे. जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा बाहेर यायचं, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.

मार्वे_रोड
डॉक्टरसाहेब, हे लेकीला वाचून दाखवलं. काटे असलेल्या माशांबद्दलही सांगाल का? परवा एका मुलाला शिंगाळ्याचा काटा लागलेला पाहिला, हात टम्म सुजला होता.

डॉ_खारपाणी
शिंगाळ्याला तीन काटे. एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागच्या परांना. काट्याला करवतीसारखे दाते आणि वर विषारी कातडी. गळातून सोडवताना मासा जाड ओल्या फडक्यात धरा आणि पकडीने गळ फिरवून काढा. पायाने दाबून धरू नका, चपलेतून काटा आरपार जातो. लहान शिंगाळा जास्त वळवळतो, त्यामुळे जास्त धोक्याचा.

लागलाच तर बर्फ लावू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, या विषाची वेदना उष्णतेने उतरते. मूल असेल तर पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा, कारण बधिर झालेल्या हाताला भाजतंय ते कळत नाही. मग डॉक्टरकडे : धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते पाहायला एक्स-रे. पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) डंख झाला तरी पहिला उपाय हाच. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीला पाकटांनी किती भाविकांना जायबंदी केलं ते मुंबईकरांना आठवत असेल. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. पाकटाला चाहूल लागते आणि ते सरकतं.

सुकट_प्रेमी
थर्मासमध्ये चहा नेतोच, आता दुसरा थर्मास गरम पाण्याचा. ही सूचना उत्तम.

खारा_वारा
वेसावच्या ताईंनी सुरुवात केलीच आहे, मी वाळूवरचं पुढचं वर्ष सांगतो. बरीच वर्षं गोराई, मनोरी, मढ हाच पट्टा फिरतोय.

गणपती गेले की पाणी निवळू लागतं. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा मोठ्या माशाचा काळ. पावसाने खाड्यांतून भरपूर खाणं समुद्रात आलेलं असतं, बोईची पिल्लं आणि मांदेली काठाने फिरतात, त्यांच्या मागे रावस येतो. पाणी अगदी काचेसारखं नको आणि चहासारखंही नको. गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या पायाची बोटं पुसट दिसली की समजा पाणी रावसाचं. आमिष ताजी कोळंबी, नाहीतर बोईचा उभा काप.

या दिवसांत शिंगाळेही भरपूर लागतात. एक गोष्ट आवर्जून पाहा. पावसाळा सरताना नर शिंगाळा अंडी तोंडात धरून फिरतो. गोटीएवढी पिवळसर अंडी असतात. पिल्लं निघेपर्यंत तो बापडा काही खात नाही. त्यामुळे असा नर सहसा गळाला येत नाही, पण कधी ओढताना अंगाला गळ अडकून आला आणि तोंड फुगलेलं दिसलं तर पाण्यातच सोडवा. बाहेर काढला की तो अंडी टाकून देतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा माझ्या मते मुलांना न्यायचा उत्तम काळ. पहाटे जमिनीवरून वारा येतो, समुद्र सपाट असतो. मोठ्या माशाचा नाद सोडायचा आणि मुडदुशी, ढोमी, करकरा, छोटी बोई यांच्या मागे लागायचं. बारीक तंगूस, लहान गळ, तीस-चाळीस ग्रॅम शिसं. मुडदुशीचं तोंड एवढंसं असतं, मोठा गळ तिच्या तोंडात मावतच नाही.

मार्चपासून दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, लाटा तुटक होतात, शिसं जागेवर थांबत नाही. तेव्हा पहाट नाहीतर रात्र. रात्री वाम, पाकट, शिंगाळा. मे अर्धा सरला की समुद्राचा रंग पालटतो, मोठे लोट येऊ लागतात. तेव्हा रील उघडून ग्रीस घालायचं.

मुडदुशी_फॅन
खाऱ्या वाऱ्या, मुडदुशीबद्दल लिहिलंत, आता राहवत नाही.

ती वाळूच्याच रंगाची. पाण्यात असली तर नुसती सावली हलताना दिसते. ओहोटीच्या ओल्या वाळूत गांडुळासारखे किडे मिळतात, तेच आमिष सगळ्यात सरस. नाहीतर सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. चावते तेव्हा रॉडचं टोक दोनदा थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. पहिल्या थरथरीला ओढायचं नाही. दुसऱ्यांदा थरथरली की मनगट हलकेच वर. शिंगाळा असला तर थरथर नाही, सरळ टोक वाकतं आणि तंगूस चालू लागतो. टोक हळूच खाली जाऊन तसंच राहिलं तर चिंबोरी आमिषावर बसलेली असते. आणि काहीच कळलं नाही पण गळ आमिषासकट कापून गेला तर केंड. केंड चुकूनही खायचा नाही, विषारी आहे.

लेकीला मुडदुशी धरू द्या, भाऊ. काटे नाहीत म्हणणार नाही, पण शिंगाळ्यासारखं भय नाही.

कणकवली_ते_कांजूर
आमच्याकडे मालवणला वाळूवरची मासेमारी म्हणजे रापण. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ मारून येते आणि दोन्ही टोकांना माणसं दोर ओढतात. लहानपणी आम्ही सुट्टीत दोराला हात लावायचो, आणि ज्याचा हात दोराला त्याला वाटा मिळायचा. मूठभर तारली का होईना, पण हक्काची. मुंबईत गळ टाकून एकेकट्याने बसायचं म्हणजे मला करमत नाही.

तंगूस_आणि_बाटली
एकटं कुठे? दादरला सकाळी गळ टाका, पाच मिनिटांत मागे आठ माणसं उभी. "काय लागलं का?" "कुठला मासा?" "इथे मासे असतात?" त्यातला एक तर हमखास सांगतो की त्याच्या लहानपणी इथे रावस हाताने धरायचे.

चौपाटीकर
तो एक म्हणजे माझे सासरे. नमस्कार कळवतो!

रीलबाज
मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. खायचं का?

माहीमच्या उपसागरात मिठी नदीचं पाणी येतं. दादर-माहीमला गळ टाका, आनंद घ्या, मासा सोडा. माझं स्पष्ट मत.

वेसावची_लेक
सगळ्या मुंबईला एकाच मापाने मोजू नका. मढ-वेसावच्या समोर आमचे लोक रोज मासे धरतात आणि तेच तुम्ही बाजारातून घेता. "मुंबईचा मासा घाण" असं सरसकट म्हटलं की त्याचा फटका टोपली घेऊन बसलेल्या बाईला बसतो.

खारा_वारा
दोघांचंही बरोबर आहे. नाल्याच्या किंवा नदीच्या तोंडाशी वर्षभर चिखलात चरणारा मासा, म्हणजे बोई आणि शिंगाळा, मी घरी नेत नाही. काही खाड्यांतल्या बोईला कापतानाच रॉकेलचा वास मारतो. मसाल्याने तो जात नाही. मोकळ्या किनाऱ्याला लागलेला रावस किंवा मुडदुशी आनंदाने खातो. नाल्यापासून लांब, मोकळं पाणी, आणि नाकावर विश्वास.

आणखी एक. लहान मासा सोडा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान मापं ठरवून दिली आहेत. गळवाल्यांनी आपणहून तो हिशोब पाळावा. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे जगत नाही.

सुकट_प्रेमी
मुडदुशीचं तिखलं कसं करता? विषयांतराबद्दल क्षमस्व.

मुडदुशी_फॅन
आलं-लसूण, हळद, मसाला, चिंचेचा कोळ, वरून कच्चं तेल. पाणी बेताचं. पण खरी मुडदुशी तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावरच. तिखल्याला बोंबील आहेत की!

गोराई_फेरी
एक मनातलं बोलू का. गळवाल्यांनी तंगूस वाळूवर टाकून जाणं थांबवायला हवं. गेल्या हिवाळ्यात मनोरीला एक कुरव सापडला, पायाला तंगसाचा गुंता, पाय काळा पडलेला. नखं कापायच्या कात्रीने एकेक फेरा कापत बसले. शेवटचा फेरा कातडीत रुतला होता. सुटल्यावर उडाला, पण एक पाय लोंबत होता. नोव्हेंबरपासून हे पक्षी हजारो मैलांवरून आपल्या किनाऱ्यावर येतात. गुंता झाला तर कापून खिशात घाला, घरी आणा. वेसाव्याचा किनारा २०१५ पासून लोकांनी हाताने कचरा उचलून साफ केला आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली. किनारा साथ देतो हो, पण आपण द्यायला हवी.

मार्वे_रोड
गोराई_फेरी ताई, लेकीने हे वाचून एक जुनी डबी काढली आहे, "तंगूस कचरा" असं लिहून. आता ती सोबत येणार.

वेसावची_लेक
तिला माझ्याकडून शाबासकी. किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. सागरी रस्त्याच्या वेळी वरळीच्या कोळ्यांना क्लीव्हलँड बंदरासमोरच्या पुलाच्या दोन खांबांतलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला केवढं झगडावं लागलं. आता पुढचा टप्पा आमच्या वेसाव्याकडून उत्तरेला जायचा आहे. छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांनीही अशा वेळी कोळीवाड्यांच्या बरोबर उभं राहावं. पाण्याची ओढ बदलली की वाळू हलते. मग तुमचा चरही जातो आणि आमची डोलही.

रीलबाज
नोंद घेतली, ताई. बोलवाल तेव्हा येऊ.

मुडदुशी_फॅन
चर कसा ओळखायचा हे कुणीच लिहिलं नाही, आणि वाळूवर खरं काम तेच आहे.

उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी सहा-सातला, रॉड घरी ठेवून नुसतं बघायला जा. पाणी उतरलेलं असतं, किनारा उघडा पडतो. कुठे पाणी साचून राहिलंय, कुठे वाळूचा दांडा आहे, कुठे दांड्याला खिंड आहे, ते बघा. किनाऱ्यावरच्या माडाची नाहीतर इमारतीची खूण धरा. भरतीला तिथेच उभं राहिलात की दिसेल : दांड्यावर लाट फुटते, पांढरा फेस; खिंडीत लाट न फुटता तशीच आत येते, पाणी गडद दिसतं. गळ त्या गडद पाण्याच्या कडेला, फेस आणि गडद यांच्या सीमेवर. मासा तिथून आत येतो आणि ओहोटीला तिथूनच परततो.

पण पोहायला किंवा पाण्यात उतरायला तीच जागा सगळ्यात वाईट, कारण आत खेचणारी ओढ त्याच खिंडीतून जाते. लेकीला दोन्ही दाखवा. दरवर्षी पावसाळ्यानंतर चर जागा बदलतात, गेल्या वर्षीची खूण चालत नाही.

डॉ_खारपाणी
शेवटचा परिच्छेद प्रत्येक चौपाटीवर लावायला हवा.

मार्वे_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. मी जे समजलो ते बरोबर आहे का सांगा. आत्ता पाणी निवळतंय. दसरा दशमीला, म्हणजे त्यानंतरचे तीन दिवस काकांच्या हिशोबातले एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. त्या संध्याकाळी मनोरीला, कारण अक्सा नको असं ठरवलं आहे. त्याआधी अमावास्येच्या सकाळी ओहोटीला जाऊन चर बघून यायचे. बरोबर?

पंचांगकाका
अगदी बरोबर. पाच वाजता पोचा, साडेआठपर्यंत बसा. एखादी तिथी क्षय किंवा वृद्धी होते, तेव्हा वेळ तक्त्यात पाहून घ्या. कोजागरीला मात्र चंद्र बघायला जा, गळ टाकायला नको. संध्याकाळी पाणी पार उतरलेलं आणि भरती मध्यरात्री.

खारा_वारा
मनोरीला जाताना मार्व्याची शेवटची फेरी किती वाजता ते जेट्टीवर विचारून ठेवा. आणि दोन रॉड नकोत, एकच. एक तुमच्या हातात आणि एक वाळूत रोवलेला असं केलंत की लेकीच्या हाती काही येत नाही.

चौपाटीकर
आमिष कुठून घ्यायचं? मॉलमधली बर्फातली सोललेली कोळंबी चालते का?

वेसावची_लेक
नको, ती गळावर टिकत नाही, पहिल्या फेकीतच सुटते. सकाळी बाजारातून सालासकट ताजी कोळंबी किंवा करंदी घ्या, मीठ लावून डब्यात ठेवा. बोंबील लावायचा असेल तर पांढऱ्या दोऱ्याने गळाला बांधा. आणि मावशीला सांगा गळाला हवी आहे म्हणून. बारीक, तुटकी वेगळी काढून कमी पैशात देते.